दत्तूच्या कानातली शिट्टी

तासगावच्या स्टँडवरून एसटी हलली, तेव्हा पिशवीत बेदाण्याचा डबा होता आणि डोक्यात एकच गोष्ट. दत्तूच्या कानातली शिट्टी बंद केल्याशिवाय माघारी यायचं नाही.

दत्तू माझा धाकटा भाऊ. भोसरीच्या एका फोर्जिंग कंपनीत (लाल तापलेलं लोखंड हॅमरखाली ठोकून आकार देतात तिथं) त्यानं उभी हयात काढली. रिटायर झाला, हॅमर सुटला, पण कानात शिट्टी राहिली. दिवसरात्र एकसारखी. डॉक्टर म्हणाले, ही जायची नाही, हिच्यासोबत राहायला शिका. दर रविवारी आम्ही फोनवर बोलायचो. आता माझं बोलणं त्या शिट्टीखाली बुडतं, तो "काय? काय?" करून ओरडतो, चिडतो आणि फोन ठेवतो. हल्ली तर उचलेनासाच झाला. भाऊ धडधाकट आहे आणि त्याच्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत, हे मला सोसवेना.

वल्लभनगरच्या स्टँडवर उतरले तर हा समोर उभा. "आलीस व्हय, आक्का?" एवढ्यानं ओरडला की शेजारचा रिक्षावाला दचकला. "ओ राव, आम्ही काय केलं?"

संत तुकाराम नगरातलं त्याचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. भावजयीनं, शैलानं, मटकीची उसळ आणि गरम भाकरी वाढली. जेवता जेवता मी जाहीर करून टाकलं, "उद्या रावेतला साउंड बाथला जायचंय. नुसतं आडवं पडायचं, कुणीतरी धातूच्या वाट्या वाजवतं. अंग सैल पडतं, जिवाला बरं वाटतं म्हणे."

"जन्मभर ठोकाठोकच ऐकली की," दत्तू म्हणाला. "आता मुद्दाम जाऊन ऐकू?"

"ऐकायची. मी काय नुसती भाकरी खायला आलेय?"

रावेत म्हणजे उंच उंच इमारती, आणि उरलेल्या जागेत नव्या इमारतींचे खड्डे. एका सोसायटीच्या हॉलमध्ये चटया अंथरल्या होत्या. आयटीतली पोरं, चाकणच्या कंपन्यांतले साहेब, सगळे डोळे मिटून ओळीनं पडलेले. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं एकेक वाटी वाजवायला सुरुवात केली. आवाज अंगावरून सरकत जायचा. खोटं कशाला बोलू, माझी प्रवासात अवघडलेली पाठ खरंच सैल झाली. मला डुलकी लागणार, तेवढ्यात शेजारून आरोळी आली.

"बंद झाली!"

अख्खा हॉल दचकून उठला. दत्तू चटईवर बसून माझा दंड हलवत होता. "आक्का, शिट्टी बंद झाली! बोल, काहीतरी बोल!"

आणि काय सांगू, मला शब्द सुचेना! गावभर जिच्या तोंडाला खळ नाही म्हणतात ती मी, बावळटासारखी त्याच्याकडं बघत बसले. अर्धं मिनिट गेलं असेल. त्याचा चेहरा उतरला. "आली परत."

मला माझाच असा संताप आला! तशीच उठले. "बाई, मघाची वाटी परत वाजवा."

"आजी, सेशन चालू आहे, प्लीज."

"आजी म्हणा नाहीतर पणजी म्हणा, वाटी वाजवा!"

पण मघाची नेमकी कोणती, ते तिलाही आठवेना. मग दत्तूनं हात वर केला. हॅमरच्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकू जात नसे, म्हणून कंपनीत क्रेनवाल्याला ते हातानंच सांगत. बोट वर फिरवलं, म्हणजे अजून बारीक आवाज. तळवा खाली दाबला, म्हणजे जाड. मुलगी आधी वैतागली, मग मुकाट्यानं त्याच्या हाताकडं बघून वाट्या बदलू लागली. चटयांवरचे लोकही माना उंचावून बघायला लागले. अगदी लहान वाटीवर त्यानं तळवा आडवा धरला. बस!

मी आता बोलणार, तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "पंख्याचा आवाज येतोय," तो म्हणाला. एवढं बोलून तो पंखा ऐकत राहिला. मला डोळ्यांना पदर लावावा लागला.

वाटी त्या मुलीला तिच्या गुरूंनी दिलेली, ती देता येईना. पण हातात घेतल्यावर मी ओळखली. काशाचीच की! आमची आई असल्याच वाटीनं तळपायाला तेल चोळायची. दुसऱ्या दिवशी भोसरीहून चाकणची शेअर रिक्षा धरली. कंटेनरांच्या रांगेत धूळ खात दुपारी पोचलो. आधी मिसळ, मग भांड्यांची दुकानं. मी वाटी वाजवायची, दत्तूनं हात करायचा. वर. खाली. अजून वर.

दुकानदार म्हातारा शेवटी कावला. "आवं मावशी, वाजवून काय बघताय? गळकी न्हाई एकबी!"

"आमाला गळती न्हाई, शिट्टी बंद करायचीय," दत्तू ओरडला. तिसऱ्या दुकानात, मागच्या फळीवरच्या काळपटलेल्या वाटीवर तळवा आडवा झाला.

विकत घेतलेली वाटी दत्तूकडं ठेवून तासगावला माघारी येताना गाडीत विचार करत होते. शिट्टी काही गेली नाही, डॉक्टरांचंच खरं. वाटी वाजली की अर्धं मिनिट थांबते, एवढंच. निघताना मी केवढ्या बढाया मारल्या होत्या!

रविवारी फोन वाजला. दत्तूचा. कानाला लावला तर आधी लांबलचक टण्ण, आणि मग, "हं आक्का, बोल पटकन."

आठवडाभर काय काय मनात घोळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं, "जेवलास का?"

"जेवलो. मटकी होती." हळू बोलला. लहानपणी बोलायचा तसा.

"शैला बरी आहे?"

"काय?" तो ओरडला. "काय म्हणतेस?"

"वाजव परत!" मीही ओरडले.