प्रभूने मला काहीही सांगितलं नव्हतं

हे मी माझ्या मिस्टरांना सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — तिथे तर मुद्दाम टाळलं. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुम्हाला सांगते. ज्या व्यक्तीला सांगायला हवं ती माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहते, आणि मी इथे बसून तुम्हाला लिहिते आहे. तेव्हा याला धाडस वगैरे समजू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझी दोन्ही मुलं व्यवस्थित शिकली. रूथ फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, दाविद इंजिनिअरिंग करतोय. दोन वर्षं मी त्यांना घरी शिकवलं, त्याने त्यांचं काही बिघडलं नाही. तेव्हा घरी शिकवून मुलांचं वाटोळं झालं, अशी ही हकिगत नाही. वाटोळं झालं — पण माझ्या घरात नाही.

सोळा वर्षांपूर्वी मी कोल्हापुरातल्या एका इंग्रजी शाळेत प्रायमरीला शिकवत होते. नऊ वर्षं झाली होती. आम्ही तेव्हाही बावड्यातच राहायचो, मिस्टर फाउंड्रीत सुपरवायझर. माझी मुलं माझ्याच शाळेत होती. त्या मार्चमध्ये मी एका मुलीच्या वहीचं पान वर्गासमोर फाडलं. गिचमिड लिहिलं होतं, तेही तिसऱ्यांदा. तिची आई हेडमिस्ट्रेसकडे गेली. हेडमिस्ट्रेसनी मला बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, दोन ओळींचं माफीचं पत्र द्या, विषय इथेच संपेल.

दोन ओळी. चुकले होते का मी? होय. तेव्हाही कळत होतं. पण मी राजीनामा दिला — तो मात्र चांगला पानभर लिहिला. निकाल लागल्यावर दोन्ही मुलांचे दाखले काढले. रूथ दुसरी पास झाली होती, दाविद सीनियर केजी. दुसऱ्या शाळेत घालता आलं असतं, पण तिथे विचारलं असतं, शाळा का सोडली? आणि आमचं शहर एवढंसं आहे. कुठल्या तरी शिबिरात एक ख्रिस्ती जोडपं भेटलं होतं, मुलांना घरीच शिकवणारं. तेव्हा मी त्यांना हसले होते. आता ते आठवलं.

गल्लीतल्या लोकांना तोंड देणं सोपं होतं. शेजारच्या कदमकाकू गेटवरूनच ओरडल्या, “काय ओ टीचर, पोरं घरातच? शाळेला काय कीड लागली काय?” मी म्हटलं, “सध्या घरी शिकवतेय.” “मग आमची बी दोन घ्या की, लई दंगा करत्यात.” हसल्या आणि गेल्या.

चर्चच्या मंडळीतले लोक सोडणारे नव्हते. रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घेणाऱ्या बायका, कारभार बघणारी वडीलमंडळी, पाळकबाई — सगळे विचारत होते. आणि त्यांना गप्प बसवायचा एकच मार्ग होता. आमच्याकडे रविवारी उपदेशाच्या आधी साक्ष देतात. ज्याच्यासाठी देवाने काही केलं असेल त्याने उभं राहायचं आणि सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. साक्षीला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. शेवटी सगळे आमेन म्हणतात.

मी उभी राहिले. म्हणाले, मी तीन दिवस उपास करून प्रार्थना केली आणि प्रभू माझ्याशी बोलला. म्हणाला, ही लेकरं मी तुझ्या हाती दिली आहेत, यांना तूच शिकव.

उपास नव्हता. प्रार्थना नव्हती. त्या तीन दिवसांत मी माळा साफ केला आणि मनातल्या मनात हेडमिस्ट्रेसला उत्तरं दिली. बस्स.

आमेन झालं. घरी येताना मिस्टरांनी स्कूटरवरून मान न वळवता विचारलं, “खरंच सांगितलं तुला?” मी म्हटलं, “मग काय मी देवळात उभी राहून खोटं बोलते?” पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

इथवर — काय म्हणाल? चूक आहे, पण फार मोठी नाही. माणूस अडचणीत बोलून जातो. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत होते. पण त्या रविवारी मागच्या बाकावर सुशीला बसली होती.

सुशीला नेसरीकडची. नवरा वारला होता, एका दवाखान्यात आया होती. एकच मुलगी, करुणा. आमच्या भागातल्या मराठी शाळेतून नुकतीच तिसरी पास झालेली. सुशीला दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या दारात आली, ड्युटीच्या साडीतच.

“टीचर, काल तुम्ही बोलला न्हवं, ते मलाच हुतं बघा. मी किती दिस इचारत हुतो प्रभूला, माझ्या पोरीचं कसं करू. त्यानं तुमच्या तोंडून सांगितलं. करुणाला आता शाळंत न्हाय धाडत. तुमच्याकडं बसवतो.”

मी चहा टाकला होता. एकच वाक्य बोलायचं होतं — सुशीला, ते खरं नव्हतं, पोरीला शाळेत पाठव. ती रागावली असती का? मला नाही वाटत. ती माझ्याबद्दल कुणाला बोललीही नसती. मी काय केलं? चहात आणखी एक कप पाणी घातलं आणि म्हटलं, “बसव की. दोन तिथे तीन.”

आणि मला बरं वाटलं, हेही सांगते. नऊ वर्षं शाळेत घासली, पण माझ्यामुळे कुणाच्या डोळ्यांत असं पाणी आलं नव्हतं. माझं खोटं दुसऱ्या कुणाला एवढं खरं वाटलं, की मलाही ते जवळजवळ खरं वाटायला लागलं.

जूनच्या अखेरीस करुणाचे गुरुजी आले. हजेरीचं रजिस्टर बगलेत धरून, घाम पुसत. “मॅडम, पोरगी वर्गात पयली हाय. यंदा चौथीला स्कॉलरशिपला बसवणार हुतो मी तिला. आईला इचारलं तर म्हणती, टीचरना इचारा. म्हणून आलो.” मी त्यांना खुर्ची दिली आणि अर्धं इंग्रजीत ऐकवलं — मुक्त विद्यालय, बाहेरून परीक्षा, मुलाच्या गतीने शिक्षण. ते रजिस्टर सावरत उठले. माझ्या बोलण्यात तथ्य होतं म्हणून नव्हे, इंग्रजीपुढे. गेटशी थांबून म्हणाले, “बघा बाई. तुमच्या भरवशावर हाय पोरगी.”

आमची शाळा जेवणाच्या टेबलावर भरायची. आठ वाजता एक गीत, एक वचन पाठ, मग गणित. दाविदला मी चिंचोके मोजायला द्यायचे. रूथ आणि करुणा दोघींना तिसरीचंच पुस्तक दिलं. करुणाची तिसरी झाली होती, पण दोन पुस्तकं शिकवायची म्हणजे दुप्पट काम. तिने ते पुस्तक गणपतीच्या सुट्टीच्या आधी संपवलं. म्हणाली, “आता काय करू, टीचर?” मी म्हटलं, “परत कर.”

तिने परत केलं.

तिची एक सवय होती. उत्तर आलं की ती हात वर करायची. टेबलाशी इनमीन तीन मुलं, आणि ती कोपर टेबलावर टेकवून हात ताठ वर धरून बसायची. रूथ अजून भागाकारात अडकलेली असायची. रूथचा चेहरा उतरलेला मला दिसायचा. एकदा मी करुणाला सांगितलं, “हे घर आहे. इथे हात वर करायचा नसतो.” त्यानंतर तिने कधी केला नाही. उत्तर आलं तरी वहीकडे बघत बसायची. मला ते सोयीचं झालं.

दोन वर्षांनी मी कंटाळले. दुसरं काही नाही, कंटाळले. दाविदला मित्र हवे होते, मिस्टर मागे लागले होते, माझाही राग जुना झाला होता. मी दोघांना दुसऱ्या शाळेत घातलं. त्या वेळी मी साक्ष दिली नाही. फॉर्म भरला, फोटो चिकटवले, ॲडमिशन घेतली.

सुशीलाने उपासनेनंतर चपला घालताना मला गाठलं. “टीचर, तुमास्नी प्रभूनं सांगितलं व्हय, परत घाला म्हणून?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

“मग आमच्या करुणाचं काय सांगितलं?”

मी म्हटलं, “अजून नाही. प्रार्थना चालू आहे.”

हेच ते. इथे यायला मला एवढी पानं लागली. पहिली साक्ष नव्हे — हे.

कारण सुशीला वाट बघत राहिली. देवाच्या शब्दावर पोरीला काढलं, तर देवाच्या शब्दाशिवाय परत कशी घालायची? तिच्या हिशेबी ते सरळ होतं. शाळा तीच होती, पाचशे पावलांवर. गुरुजी तेच होते. त्यांनी पोरीला वयाप्रमाणे वर्गात बसवून घेतलं असतं, कुणी अडवलं नसतं. पण ती दर रविवारी त्या चपलांच्या ढिगाशी उभी राहायची आणि हळूच विचारायची, “काय सांगितलं का ओ?” आणि मी चपलेचा पट्टा लावता लावता म्हणायचे, “अजून नाही.”

तुम्ही म्हणाल, आणखी एकदा खोटं बोलायचं! सांगायचं, हो, प्रभू म्हणाला, घाल शाळेत. माझ्या मुलांसाठी बोललेच होते ना? तेवढ्याने त्या पोरीची शाळा वाचली असती. मग का नाही बोलले? तर करुणाला परत शाळेत न्यायचं म्हणजे मला बरोबर जावं लागलं असतं — सुशीला एकटी जाणारी नव्हती. त्या गुरुजींसमोर उभं राहावं लागलं असतं, ज्यांना मी इंग्रजी ऐकवलं होतं. त्यांनी पुस्तक पुढे ठेवून विचारलं असतं, दोन वर्षांत काय शिकवलंत, बाई? एवढंच. तेवढं मला नको होतं. वही फाडली तेव्हाही माझं एवढंच अडलं होतं.

वर्ष-दीड वर्षाने सुशीलाने विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं. करुणा घरचं बघायला लागली, मग आईबरोबर दवाखान्यात झाडलोट, एकोणिसाव्या वर्षी लग्न. नवरा टेम्पो चालवतो, बरा आहे. सुशीला दोन वर्षांपूर्वी गेली. मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. प्रभूवर वाट पाहणारी बहीण होती, असं म्हणाले. त्यावरही आमेन झालं.

गेल्या महिन्यात करुणा आली. चार वर्षांच्या मुलीला घेऊन, एंजल तिचं नाव. ज्युनिअर केजीचा फॉर्म होता, इंग्रजी शाळेचा. “भरून द्या की टीचर, तुमचं अक्षर चांगलं हाय.” त्याच टेबलाशी बसली, त्याच बाजूला. मी चष्मा लावला. आणि का कोण जाणे — सवयीने असेल — विचारलं, “प्रार्थना केलीस का यावर?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “शाळेत घालायला कशाला पायजे ओ प्रार्थना? वय झालं की घालायचं.”

मी भरत गेले. मुलीचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं शिक्षण — बारावी. आईचं शिक्षण. पेन थांबलं.

“तिसरी लिवा,” करुणा म्हणाली. आणि हसली. “दोनदा केली की मी तिसरी. एकदा शाळंत, एकदा तुमच्याकडं.”

तिला काय माहीत आहे, किती माहीत आहे, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. घरात आम्ही दोघी आणि ते पोर, बाकी कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ कुठली होती? मी तिसरी असं लिहिलं, ठळक, रकान्याच्या मधोमध.

शेवटी पालकांची सही होती. मी कागद तिच्यापुढे फिरवला. तिने अक्षरं आधी सुटी काढली, एकेक नीट, आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी ओढली, डावीकडून उजवीकडे, सरळ. पंख्याने कागद हलत होता. मी तो कोपऱ्यावर धरून ठेवला.