मला गहू चालत नाही

दादांनी माझा डबा सगळ्यांसमोर टेबलावर उपडा केला. वरच्या चपात्या आधी पडल्या. त्यांच्याखालून बाजरीच्या भाकरी. फडक्यात बांधलेल्या, कडेनं वाळलेल्या.

जेवणघरात भरतीची सगळी पोरं बसली होती. 

"चपातीखाली भाकर लपवतोस?" दादा म्हणाले. "आरं, लपवायचं तर तूप तरी लपवावं. भाकर कोण लपवतंय?"

पोरं हसली. मीही हसलो. त्यांच्याबरोबर, त्यांच्याइतकंच मोठ्यानं.

मग दादांनी आचाऱ्याला चपात्यांची चळत आणायला सांगितली. माझ्यापुढं ठेवली. उभ्यानं खायची. दादा खुर्ची ओढून समोर बसले. "पोलिसात जायाचंय ना? का मेंढरामागं? माझ्या इथं गहू खाऊन पळायचं. धनगराची खोड मोडल्याशिवाय वर्दी चढत न्हाई."

मी खाल्ल्या. एकेक घास पाण्याबरोबर ढकलला. उद्या काय होणार, हे मला माहीत होतं. तरी खाल्ल्या.

दादा शिरूरचे मोठे बागायतदार. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मळ्याशेजारी भरतीच्या पोरांसाठी केंद्र काढलं होतं. राहायला खोल्या, पळायला मैदान, दोन वेळचं जेवण. आमच्यासारख्यांकडून काही घेत नसत. म्हणून तिथं दादांपुढं कुणी मान वर करत नसे. शेवटच्या चाचणीत दादा ज्यांना निवडत, त्यांनाच पुढची खास तयारी मिळे. बाकीच्यांनी बिछाना गुंडाळायचा. मला त्या निवडीत यायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

आमची वस्ती दौंड तालुक्यात, खुटबावच्या पुढं. आजोबांपर्यंत घरानं मेंढरं राखली. वडिलांनी कळप मोडला, कालव्याच्या पाण्यावर शेती धरली आणि पहिल्यांदा गहू पेरला. तोवर आमच्यात गहू सणाचा, नाहीतर पाहुण्याचा. पहिलं पोतं घरात आलं तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून घरात दोन तवे झाले. बाकीच्यांना भाकरी. मला चपाती. कारण मी पळणारा. आई स्वतः बाजरी खायची आणि मला म्हणायची, आपल्याला जलमभर मिळाली न्हाई, तू खा.

माझं पोट तेव्हापासूनच बिघडलं. पण चपातीवर संशय कोण घेणार?

शिरूरला रोज सकाळी घोड नदीच्या अंगानं लांब पळायचो. अर्ध्या वाटेत पोटात कळ उठायची. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि मग उसात शिरावं लागायचं. कधी उसापर्यंत पोहोचायचो, कधी नाही. पोरांनी नाव पाडलं ते इथं लिहीत नाही. मी सगळं करून पाहिलं. ओवा, हिंग, सुंठ. रात्रीचं जेवण सोडलं. उपाशी पळालो तर डोळ्यांपुढं अंधारी. केळी खाऊन पळालो, ग्लुकोज पिऊन पळालो. दूध बंद केलं, पुन्हा सुरू केलं. सगळं करायचो आणि दोन्ही वेळा चपाती खायचो. ताकदीसाठी. वजन उतरत गेलं. नखं पांढरी पडली. आपल्यातच खोट आहे, आपण आईचं खाल्लेलं वाया घालवतोय, असं वाटून मी ताटावर मान खाली घालून बसायचो.

मग सुगीत घरी गेलो. घरातला गहू संपला होता, नवा निघायचा होता. आईला फार लाज वाटली. पण तेवढे दिवस मी बाजरी खाल्ली आणि पोट गप्प झालं. कालव्याच्या कडेनं केडगावपर्यंत पळत गेलो आणि पळत आलो. वाटेत कुठं थांबलो नाही. बांधावर बसून मला रडू आलं.

आईला म्हणालो, मला डब्यात भाकरी देत जा. ती तयार होईना. घरात गहू असताना पोराला भाकर धाडली तर लोक तोंडात शेण घालतील. शेवटी तिनं तिच्यापुरता मार्ग काढला. खाली भाकरी, वर चपात्या. डबा एसटीनं यायचा. दौंडकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचा, शिरूरच्या स्टँडवर मी उतरवून घ्यायचो. वरच्या चपात्या खोलीतल्या पाबळच्या पोराला द्यायचो. तो खूश, मी खूश. पळण्यात मी पुढं येऊ लागलो. दादांनी एकदा पाठीवर थापही मारली. पुढं त्यांनी तो डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या आधीची चाचणी होती.

पाच किलोमीटर. पहिल्या फेऱ्यांना मी पुढच्यांत होतो. मग कळ आली. दात आवळले. थांबलो तर निवड गेली. थांबलो नाही. शेवटची फेरी संपायच्या आत चड्डी भरली. पायावरून ओघळ आला. मागची पोरं नाक दाबून बाजूला झाली आणि मी पळतच राहिलो. शेवटच्या रेषेवर पडलो.

दादांनी मला हापशावर नेलं. सगळ्यांदेखत चड्डी उतरवून धुवायला लावली. एक जण हापसत होता, बाकीचे बघत होते. दादा शांतपणे म्हणाले, "ह्याचा दोष न्हाई. गहू पचवायला पिढ्या लागत्यात. जात पोटात असती."

ते मला खरं वाटलं. यापेक्षा वाईट गोष्ट मला आयुष्यात सांगता येणार नाही. ओल्या चड्डीनिशी उभा असताना मला वाटलं, खरंच आहे हे. आपल्या रक्तालाच चांगलं अन्न सोसत नाही.

आजारी म्हणून सुट्टी मागितली आणि पुण्याला सरकारी दवाखान्यात गेलो. खेटे घातले. रक्त तपासलं, दुर्बीण घातली, आतड्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. शेवटी डॉक्टरबाईंनी समोर बसवलं. गव्हातला एक अंश माझ्या आतड्याला चालत नाही, आतडं झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू कायमचा बंद. रवा, मैदा, बिस्कीट, शेवया, सगळं बंद. बाजरी, ज्वारी, नाचणी, तांदूळ चालेल.

मी विचारलं, "हे आमच्या जातीत असतं का?"

बाई म्हणाल्या, "कुठल्याही जातीत असतं. माझ्या मावसबहिणीला आहे."

जिन्यात येऊन मी भिंतीला टेकलो. आजार निघाला म्हणून कुणाला इतकं हलकं वाटत असेल?

घरी आईला सांगितलं. ती चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी म्या माझ्या हातानं तुला ईख चारलं व्हय?"

मी नाही नाही म्हणालो. पण तिनं ते कधी मनातून काढलं नाही. ते ओझं तिच्यावर मी घातलं. सांगायला नको होतं असं नाही, सांगावंच लागलं. तरी घातलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, गव्हाचं पीठसुद्धा मिसळायला नको. गावच्या गिरणीत आधी गहू दळलेला असतो, म्हणून आईनं अडगळीतलं जातं काढलं आणि माझी बाजरी हातानं दळायला लागली. खांदे भरून यायचे, पण दुसऱ्या कुणाला खुंट्याला हात लावू द्यायची नाही.

मी शिरूरला परत गेलो. जेवणाची वेळ होती. दादा पंगतीत फिरत होते. मी आजार सांगितला.

"गव्हाचा रोग?" ते म्हणाले. "सगळं जग गव्हावर जगतंय आन् ह्याला रोग. शेवटची चाचणी बाकी हाय. तुला घेतो मी. पण ह्यातनं एक चपाती माझ्यासमोर खायाची. माझ्या अन्नाला नाव ठिवलंय तू."

ताट समोर होतं. एकच चपाती. खाल्ली असती तर निवड झाली असती. आठवडाभर पोट धरून पडलो असतो, एवढंच. पाबळचा पोरगा डोळ्यानं खुणावत होता, खा म्हणून. माझा हात ताटाकडं गेलासुद्धा.

मी ताट पुढं सरकवलं.

"न्हाई खाणार."

"मग मेंढरं राख जा."

"राखीन. पण दादा, माझ्या पोटात काय घालायचं ते तुम्ही न्हाई ठरवायचं."

हसलं कुणी नाही. मी बिछाना गुंडाळला.

पुढचं गोड नाही. कालव्याच्या कडेनं एकटा पळत राहिलो. काय सोसतं ते चुकतमाकत शोधलं. पळायच्या आधी भाकरी जड पडते, ज्वारीची पातळ आंबील बरी. लांब पळताना लिंबू, गूळ, मीठ घातलेलं पाणी. आल्यावर भाताची पेज आणि उकडलेली अंडी. दूध बऱ्याच उशिरा सोसायला लागलं. भरतीला माझा मी गेलो. पाच किलोमीटर पळालो, कुठं थांबलो नाही. पण छातीचं माप भरलं नाही. इतक्या वर्षांत झिजलेलं अंग एवढ्यात कुठून भरणार? पुढच्या खेपेलाही तेच. मग वय निघून गेलं. वर्दी मिळाली नाही ती नाहीच.

आता कारखान्यात कामाला आहे. लग्नात, जत्रेत, मोठ्या माणसांच्या बंगल्यावर लोक अजून आग्रह करतात. एका घासानं काय होतंय, आमचा मान ठेवा. पूर्वी मी पोट दुखतंय असं खोटं सांगून सुटका करून घ्यायचो. आता सरळ सांगतो. गहू चालत नाही. पुन्हा आग्रह झाला तर पुन्हा सांगतो. आणि तिसऱ्यांदा कुणी घास माझ्या तोंडापुढं धरला, तर तो कितीही मोठा असो, भरल्या पंगतीतून मी उठतो.