सुनेवरचा ठपका

रुफिना सुमागायसायच्या बरोबरीच्या नर्सा कधीच सौदीला नि लंडनला गेल्या. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरच्या सरकारी इस्पितळातच राहिली. आई गेली तोवर तिचे स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पुरुषांच्या वॉर्डात पलंगांहून रोगी जास्त, आणि पाळीला नर्स ती एकटीच. पाणी पाजणं, कूस बदलणं हे घरच्यांनी करायचं, अशी तिथली रीतच.

तिथल्या लोलो अम्बोच्या, म्हणजे अम्बोआजोबाच्या, उशाशी त्याची सून मारिविक बसून असायची. एका दुपारी तिचा डोळा लागला, म्हातारा पलंगावरून पडला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं.

हेड नर्स ओदेसाने रुफिनाला बाजूला घेतलं. "सून झोपली, म्हणून पडला. एवढंच सांगायचं."

"पलंगाच्या कठड्याची खिट्टी तुटली होती, मॅम. सकाळी मी बघितलं. दोरीने बांधू म्हटलं, आणि राहूनच गेलं."

"एवढ्या गर्दीत राहणारच. तुला कोण काय म्हणणारे?"

"मला नाही म्हणणार. तिला जन्मभर म्हणतील."

व्हरांड्यात म्हाताऱ्याचा मुलगा बायकोवर तोंड टाकत होता. "जेवायला बरी जाग येते तुला!" मारिविक भाताचा डबा मांडीवर धरून खाली मान घालून बसली होती.

"अरे नोनोय, बाळा, तिला बोलू नकोस," रुफिना म्हणाली. "कठडा मोडका होता. मला ठाऊक होतं. बांधायचं काम माझं, मी बांधला नाही."

बायकोवरचा राग मग तिच्यावर उलटला. "पगार कसला घेता मग? माणसं पाडायचा?" सगळा वॉर्ड ऐकत होता.

पुढे चौकशी झाली. "चूक माझी, ती लिहा," ती साहेबांना म्हणाली. "पण एका नर्सच्या गळ्यात अख्खा वॉर्ड कुणी बांधला, तेही लिहा." पहिलं तेवढं लिहिलं गेलं. तिची बढती हुकली. ओदेसा कामापुरतंच बोलू लागली.

लोलो अम्बो पुन्हा चालला नाही. त्याला घरी नेताना मारिविक रुफिनापाशी घुटमळली. रुफिनाने पलंगाच्या कडेला बसून तिला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची ते पुन्हा दाखवलं.

"आणि इंदाय, पोरी, आळीपाळीने बसा गं. नवऱ्यालाही जागव."

"तो कसला जागतोय," मारिविक म्हणाली.

"मग त्याची आई येईल का?"

मारिविकने नाही म्हणून मान हलवली. आतून कुणीतरी नर्सला हाक मारली. रुफिना गुडघ्यावर हात देत उठली.