सार्जंटकाकांचं राहिलेलं पत्र

विमानाचा आवाज आला की सार्जंटकाकांचा घास हातातच राहायचा. आता अमेरिकेत, अर्विंगमध्ये, एअरपोर्टच्या कुशीत राहायचं म्हणजे डोक्यावरून विमानं जायचीच. आम्हाला ती ऐकूही येत नाहीत. काका मात्र मान तिरकी करून आवाज पार विरेपर्यंत ऐकायचे, "गेलं. नीट गेलं," म्हणायचे आणि मग वरणभात पुढे सुरू. त्यांच्यासोबत जेवताना माझं ताट गार व्हायचं आणि मी मनातल्या मनात चरफडायचे.

ते आमच्या शेजारच्या मंदारचे वडील, नागपूरचे. हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. काकू गेल्यावर मंदारने त्यांना व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आणलं. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, मी घरून काम करणारी, त्यामुळे दुपारचा चहा माझ्याकडे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा गळका नळ दुरुस्त केला आणि मला बघायला बोलावलं.

"मला काय कळतंय त्यातलं, काका?"

"तरी बघ. आपलं काम आपणच पास करू नये. एकानं करायचं, दुसऱ्यानं तपासायचं, दोघांच्या दोन सह्या."

मी मुकाट्याने वाकून नळ बघितला. सही तेवढी मागितली नाही, नशीब.

एका शनिवारी आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. कुठल्याशा लहान देशाने आधुनिक लढाऊ विमानं विकत घेतल्याची बातमी कोणीतरी फोनवरून वाचून दाखवली. मला गप्प बसवतंय कुठे! "नकाशावर बोट ठेवलं तर झाकला जातो तो देश. कशाला हवेत हे चोचले? लढणार कोणाशी, यार?" सगळे हसले. काका हसले नाहीत.

"लढायला नाही घेत, बेटा. आपल्या आभाळात न विचारता कोणी शिरलं, तर वर जाऊन 'कोण रे तू?' एवढं विचारता यावं म्हणून घेतात. दाराला कडी आपण भांडायला लावतो का?"

मंदारची लेक म्हणाली, "बट आजोबा, दे ऑलरेडी हॅव प्लेन्स!"

"आहेत ना. तेच तर," म्हणत काकांनी ताट खाली ठेवलं आणि ते अंगणात निघून गेले.

सोमवारी चहाला आले तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. ऐन तारुण्यात ते त्याच देशात दोन वर्षं होते, तिथल्या मेकॅनिक पोरांना शिकवायला. विमानं जुनाट, त्यांचे पार्ट जगात कुठेच बनत नव्हते. उभ्या विमानाचा पार्ट काढायचा आणि उडत्याला लावायचा. एके दिवशी तपासणारा जोडीदार तापाने फणफणला होता. काकांनी पार्ट बसवला, आणि उशीर नको म्हणून दोन्ही ठिकाणी स्वतःच सही केली. विमान समुद्रात पडलं. पायलट चोवीस वर्षांचा होता.

"चौकशीत पार्ट जुना होता एवढंच निघालं. मला कोणी काही बोललं नाही. त्या पोराची आई दर रविवारी आम्हाला तळलेले मासे पाठवायची. मी खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी केळी तळायची. पोरगं गेल्यावरही तिनं केळी पाठवली. अन् मी ती खाल्ली, बेटा." त्यांनी कप बाजूला सारला. "म्हातारं विमान शत्रूच्या आधी आपलंच लेकरू खातं. म्हणून घेतात नवीन. ती अजून असली, तर मला तिला लिहायचंय, की दुसरी सही माझीच होती. माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं. तू लिहून देशील?"

"अहो काका, हे काय विचारणं झालं? या वीकेंडला बसूच."

त्या वीकेंडला ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. पुढच्याला कोणाचा तरी बर्थडे. मग पाहुणे, मग मुलाची स्विमिंग मीट. काकांनी एकदाही तगादा लावला नाही. दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा घेऊन यायचे, माझी धावपळ बघायचे, चहा पिऊन जायचे. मला ते दिसत होतं. दिसत होतं आणि तरी मी "नेक्स्ट वीक नक्की" म्हणत राहिले. सहा महिने संपले. एअरपोर्टवर मी म्हटलं, "काका, आपण व्हिडिओ कॉलवर लिहू. प्रॉमिस." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हो हो. तुझी कामं आधी."

तीन आठवड्यांत नागपूरहून फोन आला. हार्ट अटॅक.

तेरावा उरकून मंदार परत आल्यावर मी सुट्टी टाकली आणि पत्र लिहायला बसले. जोडीदाराचा ताप, दोन सह्या, केळी, सगळं लिहिलं. तुमच्याकडे आता नवीन विमानं येताहेत हे ऐकून त्यांना किती हायसं वाटलं होतं, तेही लिहिलं. दोन तासांत झालं. फक्त दोन तास लागले हो! पाकीट घेऊन मी मंदारकडे गेले आणि त्या आईचं नाव-पत्ता विचारला.

"कोणाची आई?" मंदार म्हणाला.

घरात त्यांनी कधी कोणाला हे सांगितलंच नव्हतं. माझ्याशी बोलतानाही ते "त्या पोराची आई" एवढंच म्हणायचे. तिचं नाव काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.