शुभदाताईंचा आंबट कॉर्ड

मोठ्या माणसांच्या पियानो क्लासात सूर जमायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमतात! मुलुंडला आमचा शनिवारचा क्लास आहे. सगळे पन्नाशी ओलांडलेले. चहाला बसलो की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो, आणि त्यातले निम्मे ऑल्टर्ड डॉमिनंट या एकाच कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडीचे.

*

सरांनी समजावलं, "जी सेव्हन हा कॉर्ड वाजला की कानाला पुढे सी हवा असतो. ही ओढ वाढवायची तर डाव्या हातात बी आणि एफ तसेच ठेवा, आणि वरचे सूर अर्ध्या सुराने सरकवा. ए चा ए फ्लॅट, डी चा डी शार्प. झाला ऑल्टर्ड!"

शुभदाताई परब, रिटायर्ड नर्स, पटकन म्हणाल्या, "म्हणजे वरणात चिंच!"

"करेक्ट! पण वाटीभर नाही हां!" तेव्हापासून आमच्याकडे तो कॉर्ड म्हणजे चिंच.

*

मला ही सोयच झाली. बोट घसरलं की मी बिनधास्त सांगायचो, "सर, ऑल्टर्ड आहे!"

एकदा सर शांतपणे म्हणाले, "छान. तीच चूक परत करून दाखवा."

जमली नाही ना यार!

*

ताई घरी कीबोर्डवर रोज सकाळी बाराही पट्ट्यांत हे चिंचेचं दळण दळायच्या. एकदा कॉर्ड पक्का करायचा म्हणून नुसता तोच वाजवत बसल्या, सी वर उतरल्याच नाहीत. खालच्या मजल्यावरची बाई लाटणं घेऊन वर आली. "ताई, पूरा करो ना! मेरी रोटी जल गई!"

*

आता ताईंचे मिस्टर. नाना सोसायटीच्या पूजेला दरवर्षी गातात. यंदा त्यांचा पेटीवाला पनवेलला राहायला गेला. ताई म्हणाल्या, "मी वाजवते."

नाना मालवणचे, तोंडाने फटकळ. "तुझो सूर रोज चुकता गो! माझ्या गाण्याची वाट लावशीत!"

त्या शनिवारी ताई क्लासात रडल्याच. "लग्नापासून मी समोर बसून त्यांचं गाणं ऐकलंय. एकदा शेजारी बसायचंय हो मला." आम्हाला फार वाईट वाटलं. कोणाला चहाही गेला नाही.

सर म्हणाले, "मग साधा जी सेव्हन वाजवा. चिंच घरी ठेवा." ताईंनी नानांना तसा शब्द दिला, तेव्हा कुठे ते कबूल झाले.

*

पूजेला आम्ही सगळे गेलो. नाना माईकवर, शेजारी ताई कीबोर्डवर. गाणं सी पट्टीतच बसवलेलं. पहिलं कडवं झकास गेलं. ध्रुवपदावर यायच्या आधी ताईंनी शब्द दिल्याप्रमाणे साधा जी सेव्हन वाजवला.

नाना थांबले. गातच नाहीत! ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं सगळं.

नानांनी माईक बाजूला धरला आणि ताईंकडे वाकले. आम्ही पुढेच बसलो होतो, म्हणून ऐकू आलं.

"हो साधो सूर नको गो. सकाळी वाजवतंस तो वाजव."