तांदळाचा डबा आणि धवले

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या हिंगोलीकडच्या गावात ज्या चिंचेखाली दुपारी कुणी जात नसे, तिथंच मी झोपायचो. शाळा नववीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. सांभाळून घ्या.

मी कोपरखैरण्यात कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात काम करतो. मालकांना आम्ही सर म्हणतो. त्यांनी माळ्यावर राहायला जागा दिली, हातात स्क्रूड्रायव्हर दिला. ते उपकार फिटायचे नाहीत. म्हणूनच कामात काही चुकलं तर... ही धास्ती कायम असते.

गेल्या उन्हाळ्यात गावठाणातल्या वनिताकाकींकडे गेलो. जुना कॉम्प्युटर, विंडोज नवीन टाकायची. म्हणजे आधी बॅकअप, मग आतलं सगळं साफ. बाजाराची पिशवी घेऊन निघताना काकी म्हणाल्या, "माझे आयेचे धवले हायेत त्याच्यान. पोरीचे हलदीला तेच लावाचे हायेत. आये आता नाय, दुसरीकडं कुठंच नाय ते. सांबालून कर."

धवले म्हणजे आगरी लग्नातली गाणी. काकींची आई धवलारीन, ती गाणी म्हणणारी. मी ती कधी ऐकली नव्हती.

फोटो, कागदपत्रं सोबत आणलेल्या हार्डडिस्कवर कॉपी करायला लावली. पण गाणं एकही दिसेना. सगळीकडे शोधलं. काकींना फोन लावला, तर तो स्वयंपाकघरातच वाजला. आता त्या येईपर्यंत थांबायचं... पंखा संथ फिरत होता, स्क्रीनवरची हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. बघता बघता डोळा लागला असावा.

उंबऱ्याशी एक म्हातारी बसलेली. पुढ्यात पत्र्याचा डबा. कोपरापर्यंत हात तांदळात घालून ती काहीतरी चाचपत होती आणि गात होती — लांबलचक, भरतीच्या पाण्यासारखं, हळूहळू चढणारं. तांदूळ मनगटावरून परत डब्यात सांडत होते, आवाज न करता. मध्येच थांबून, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जेवलास का रं बाला?"

जागा झालो. उंबऱ्यावर कुणी नाही. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात — डबा! रिसायकल बिन. पुसलेल्या फायली जातात तो.

उघडला. धवले त्यातच होते.

काकी आल्या तेव्हा मी घामाघूम. "काकी, कचऱ्याच्या डब्यात टाकलेत तुम्ही!"

"कचऱ्याचा हाय तो? मला काय ठावं! आमी बायका सोनंनानं तांदलाचे डब्यान लपवताव. हिथं डबा दिसला, ठेवलं त्याच्यान. तिथं कोन हात घालतंय?"

फाइल बाहेर काढून लावली. तोच आवाज. तीच चाल. डब्यात असताना फाइल वाजत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. काकी पदरानं डोळे पुसत ऐकत होत्या. गाणं संपलं, जरा शांतता... आणि स्पीकरमधून, "जेवलास का रं बाला?"

काकी दचकल्या. "ये कवा बोलली आये? कितींदा ऐकलंय मी, ये नव्हतं त्याच्यान. आनी ये रेकार्ड केलं त्या दिवशी घरान आमी दोगी बायकाच व्हतो."

सर म्हणतात, ऊन लागलं असेल तुला. असेल. पण काकींनाही ऐकू आलं, त्याचं काय? हळदीला ते धवले वाजले, एवढं खरं. आणि त्या दुपारी मी जेवलो नव्हतो, हेही खरं. काकींनी ताट वाढलं.

घर सोडल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं.