हिरामणअण्णांचा वायदा

मखमलाबादच्या शिवारात झेंडू पिकवणाऱ्या हिरामणअण्णांचे सारे आयुष्य एका वायद्यावर उभे होते. बियाणे, खते, औषधे ज्येष्ठात उधारीवर उचलायची आणि दसऱ्याचा बाजार उठला की पैसे एकरकमी चुकते करायचे. त्या शब्दावर दुकानदार निश्चिंत असत. अशा निष्ठेलाच आपल्याकडे पत म्हणत आले.

कन्या हर्षाली रक्ततपासणीचे शिक्षण घेऊ लागली, तेव्हा तिच्या नावे कर्ज काढून स्कूटर घेतली. ती वसतिगृहात राही, म्हणून अर्जावर अण्णांचाच फोन नंबर गेला. "हप्त्याचं मी बघतो," ते म्हणाले. पावसाळ्याचे चार महिने, फुले शेतात असताना, हप्ते थांबले. वसुलीवाल्याला अण्णा शांतपणे सांगत, "दसऱ्याला ये. पैसे बी ने, घरच्यांना फुलं बी." दसऱ्याला त्यांनी थकलेले सारे हप्ते दंडासह फेडले. पुढच्या वर्षीही तसेच.

चोविसाव्या वर्षी हर्षालीने पेठ रोडवर स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी गाळा ठरवला. यंत्रांसाठी बँकेत केलेला अर्ज नामंजूर झाला. कर्ज फिटल्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन अण्णा तिच्यासोबत बँकेत गेले.

अधिकारी छायाताई मृदू स्वरात म्हणाल्या, "काका, पैसे पूर्ण आलेत. पण दोन्ही वर्षं चार-चार महिने उशिरा. कर्जफेडीची पत मोजणारा सिबिल स्कोअर त्यानंच पडलाय."

"बुडवलं तर नाय ना, ताई?"

"नाही. पण तिथे महिने मोजतात."

"मग चूक माझी हाय. पोरीला शिक्षा कशाला?"

"कर्ज तिच्या नावावर होतं, काका."

सत्याचरणाचे प्रमाण म्हणून आणलेला तो दाखला अण्णांनी पिशवीत परत ठेवला.

छायाताईंनी उपाय सुचवला: ठेवीवर मिळणारे छोटे क्रेडिट कार्ड घ्यावे, बेताचा खर्च करावा, दरमहा वेळेवर भरणा करावा, दोनेक वर्षांत स्कोअर सावरेल. हर्षालीने तो स्वीकारला. गाळ्याच्या मालकाला तेवढा धीर नव्हता. तिथे आता चष्म्यांचे दुकान आहे आणि हर्षाली दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते.

बँकेतून परतताना अण्णा म्हणाले होते, "कुणीतरी आधी कळवायचं व्हतं."

"कळवत होते, अण्णा. तुमच्याच फोनवर."

तिच्या स्वरात राग नव्हता. अण्णांना तेच अधिक सोसवले नाही. फुलांचा टेम्पो ते हल्ली पेठ रोड टाळून लांबच्या रस्त्याने बाजारात नेतात. डिझेल जास्त लागते हे हर्षालीच्या लक्षात आले आहे. ती कारण विचारत नाही.